बानूच्या झाडाला पाणी

"बानू कोकरे, बावीस दिवस."

मी शाळेच्या भिंतीवरचा तक्ता पुन्हा वाचला. अनू कडेवर होती, सात महिन्यांची, माझ्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घालून चघळत होती. तिला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तिसऱ्यांदा वाचला. घोलप सरांचं अक्षर स्वच्छ होतं, चुकीचं वाचायची सोय नव्हती. नावापुढं हिरव्या कागदाची पानं कापून चिकटवलेली. बानूच्या नावापुढं बावीस पानं.

बानू गावातच नव्हती.

दिवाळी झाल्यावर चौथ्या दिवशी मी तिला जाताना पाहिलं होतं. पुढं मेंढरं, मागं घोडं, घोड्यावर भांडी, घोंगड्या, टोपलीत कोंबड्या. आणि सगळ्यांच्या मागं बानू, काखेत कोकरू घेऊन. माळवाडीतली धनगरांची चार-पाच घरं दर साली अशीच कोकणात उतरतात, ती ज्येष्ठात वर येतात. माझी थोरली, तनू, फाटकाशी उभी राहून हात हलवत होती. बानूला हलवायला हात मोकळा नव्हता, तिनं कोकराचा पाय धरून हलवला.

आणि आता माघ सुरू होता. जानेवारीच्या तक्त्यात ही पोरगी बावीस दिवस शाळेत टॅबवर गणितं सोडवत होती म्हणे.

ते टॅब आले तेव्हापासूनच माझं मन त्यांच्यावर बसलं नव्हतं. दोनशिक्षकी शाळा, तिसरीच्या वर्गात एकोणीस पोरं आणि आठ टॅब. पाळीपाळीनं प्रत्येकाला वीस मिनिटं. त्यात एक झाडाचा खेळ होता. गणित बरोबर आलं की झाडाला पाणी मिळायचं, झाड वाढायचं, पोर पुढच्या पायरीवर जायचं. पाच दिवस कुणी खेळलं नाही की पानं गळून नुसतं खोड उरायचं आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात. पोरं वेडी झाली होती. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी शेण काढल्यावर पाटी मिळायची, आता खेळल्यावर शाबासकी." मी हसायचे, पण मलाही तसंच काहीसं वाटायचं. खेळात शिकणं ही गोष्ट मला फुकटात मिळालेल्या दागिन्यासारखी वाटायची. पितळ निघणारच.

मी बानूच्या ओळीवरून बोट खाली आणलं. तनुजा, पायरी नववी.

डिसेंबरात आठवीवर होती. बाकीची पोरं तेरा-चौदावर गेलेली. आणि घरी ही पोरगी दुधाच्या कॅनमधली वजाबाकी तोंडी करते, तिच्या बाबांच्या आधी.

मी शाळेच्या व्यवस्थापन समितीत होते. खरं तर बायकांची जागा भरायची म्हणून माझं नाव घातलेलं, पण नाव होतं. मी वर्गाच्या दाराशी गेले. घोलप सर फळा पुसत होते. तिशीचा माणूस, रोज वीस मैलांवरून गाडीनं यायचा, बाहीवर कायम खडूची भुकटी.

"सर, बानू आली का परत?"

"नाही हो वहिनी. ज्येष्ठाशिवाय कुठली येतेय."

"मग तक्त्यावर बावीस दिवस?"

सरांनी डस्टर खाली ठेवलं. मान चोळली. "टॅबमध्ये जे दिसतं ते मी शनिवारी उतरवतो. मलाही जरा गडबड वाटतीय. बघतो मी."

"बघा," मी म्हटलं.

मान चोळणारा माणूस खोटं बोलतो, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. आमच्या शाळेची पाहणी होणार असल्याचं कानावर होतं. ज्या शाळेत सगळी पोरं नेमानं खेळतात तिचं नाव पुढं जाणार, सरांचा सत्कार होणार. गैरहजर पोरीच्या नावानं कुणी खेळत असेल तर ते कुणाच्या फायद्याचं, हे कळायला मला टॅब लागत नव्हता. आणि त्यासाठी वेळ कुणाची चोरली जात होती, तर माझ्या लेकीची.

संध्याकाळी भाकरी टाकताना मी विचारलं, "तने, किती देऊ?"

"सत्तावीस."

हे तिचं जुनं होतं. आकडा मोजायचा नसेल, नुसता लाडानं फेकायचा असेल, की सत्तावीसच. चांदण्या किती? सत्तावीस. आई किती आवडते? सत्तावीस. जेवायची मात्र दीड भाकरी. का सत्तावीस, ते तिला माहीत नव्हतं आणि मलाही.

जेवणं झाल्यावर तिला पुढ्यात बसवून वेणी सोडली. केसांतून फणी फिरवताना तिच्याकडून काहीही काढून घेता यायचं.

"तुझी पाळी पूर्ण वीस मिनिटांची असते का गं?"

"असते की."

"मग नववीवरच कशी अडकलीस?"

"हळूहळू खेळते."

"आणि बानूच्या नावानं कोण खेळतं?"

फणीखाली तिची मान ताठ झाली. मी थांबले. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

"तने?"

"मला नाही माहीत."

आठ वर्षांत ती माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. बोलली असेल, पण मला कळलं नव्हतं. हे कळलं.

"सरांनी सांगितलंय का, घरी बोलू नको म्हणून?"

तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, "सरांना माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"काहीच नाही माहीत."

आणि उठून गेली, अर्धी वेणी तशीच सोडून. पोरीला घाबरवून ठेवलंय, हे मी मनाशी पक्कं केलं. तिनं खरंच सांगितलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पुढचे दोन दिवस मधल्या सुट्टीत मी शाळेच्या नळाला पाणी भरायला गेले. घरी नळ असताना. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडकीतून दिसलं, पोरं बाहेर खिचडी खात होती आणि सर एकटे आत बसून टॅबवर बोट फिरवत होते. मी हंडा ठेवला आणि खिडकीशी गेले. पडद्यावर बानूचा फोटो होता, तेल लावून चापून बसवलेले केस, हसताना दिसणारा पडका दात.

मला आणखी पुरावा नको होता.

त्याच दुपारी अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, लग्नाआधी मी बारावीपर्यंत शिकले होते, आणि तो अर्ज लिहिताना किती तरी दिवसांनी मला आपण कुणी तरी असल्यासारखं वाटलं. 'गैरहजर विद्यार्थिनीच्या नावे खोटी नोंद.' 'इतर मुलांचे शैक्षणिक नुकसान.' अनूला पाठीशी बांधून अकरा घरं फिरले, अकरा सह्या आणल्या. कुणी वाचला नाही. तनूची आई सांगतेय म्हणजे असेल, असं म्हणाले. गुरुवारी अर्जाचा फोटो काढून केंद्रप्रमुखांना पाठवून दिला. शनिवारी समितीची बैठक होती, तोवरही धीर धरवला नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटत आली होती. पोरं पटांगणात कवायत करत होती आणि आम्ही वर्गात पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. अध्यक्ष नाना बर्गे सोसायटीत मुरलेले, त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला. घोलप सर उभे राहून ऐकत होते. शेवटी फक्त म्हणाले, "हजेरीपट बघा."

नानांनी हजेरीपट उघडला. चष्मा खाली-वर केला. "कोकरे बानू. गैरहजर, गैरहजर, गैरहजर. आख्खी ओळ लाल हाय की. पुढं शेरा, स्थलांतरित." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "वहिनी, हजेरीपट बघितला नव्हता व्हय?"

नव्हता बघितला. तक्ता खोटा म्हणजे हजेरीही खोटीच असणार, म्हणून बघितला नव्हता.

"मग टॅबवर कोण खेळतं?" मी म्हटलं. "मी सरांना बघितलंय. बुधवारी. बानूचा फोटो उघडून बसले होते."

"तुम्ही विचारल्यापासून मी तेच शोधतोय," सर म्हणाले. "प्रत्येक पोराचं चित्रांचं कुलूप आहे. तीन चित्रं ओळीनं दाबायची. ती फक्त त्या पोराला ठाऊक. माझ्या चावीनं मला नुसती उत्तरं दिसतात, कुणी दिली ते दिसत नाही." त्यांनी टॅब नानांपुढं धरला. "तुम्हीच वाचा."

नाना वाचायला लागले. "आठ आणि सहा, चौदा. बरोबर. नऊ आणि चार, तेरा. बरोबर. अकरातून पाच, सहा. बरोबर. पंधरातून सात…" ते थांबले. "सत्तावीस."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पंधरातून सात गेले न् सत्तावीस उरले? अशी मेंढरं मलाबी द्या म्हणावं." नानांनी बोट सरकवलं. "सतरातून आठ, सत्तावीस. चूक. दुसरा दिवस. तीन बरोबर, मग सत्तावीस, सत्तावीस. तिसरा दिवस, तसंच. रोज तसंच हाय हे. तीन बरोबर, दोन चूक. सर, तुमीच घाईघाईनं काय तरी ठोकत असणार."

माझ्या मांडीवर अनू झोपली होती. मला तिचं वजन जाणवेनासं झालं.

मी मान वर केली तर सर माझ्याकडं बघत होते. वर्गात तनूला रोज आकडे विचारणारा माणूस तो. त्यांनाही त्याच घटकेला कळलं होतं. क्षणभर आम्ही एकमेकांकडं बघितलं, मग त्यांनी नजर काढून घेतली आणि नानांना म्हणाले, "माझी चूक झाली. वर्ग माझा, माझं लक्ष राहिलं नाही. अर्ज पुढं पाठवा, माझी हरकत नाही."

आता मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. अकरा सह्या होत्या. तनूचं नाव कुणाच्या तोंडी आलं नसतं, आणि माझंही नाक राहिलं असतं. मी गप्प बसलेही. बाहेर कवायतीचे आकडे चालू होते, एक दोन तीन चार, तेवढं आठवतं.

मग म्हटलं, "नाना, तो अर्ज द्या इकडं. ती आमची तनू आहे."

तनूला आत बोलावलं. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. सर तिच्यापुढं उकिडवे बसले.

"तनुजा, बानूचं कुलूप तुला कसं माहीत?"

"तिनंच सांगितलं. मेंढी, भाकर, चंद्र."

"आणि तिच्या नावानं का खेळायचीस?"

"नाही तर तिचं झाड वाळलं असतं. माझी निम्मी पाळी माझी, निम्मी तिची."

"बरं. मग शेवटची दोन चुकवायचीस कशाला? तुला तर येतात ती."

तिनं सरांकडं असं बघितलं की एवढं साधं यांना कसं कळत नाही. "तीन बरोबर आली की पाणी मिळतं. सगळीच बरोबर दिली तर पुढची पायरी येते. बानूला पुढची कुठं येते? ती आल्यावर तिला तिचीच पायरी पाहिजे ना."

नानांनी चष्मा काढून खिशात घातला, परत काढला.

"मला सांगायचं की, बाळा," सर म्हणाले. "बाहेरगावी गेलेल्याच्या झाडाला सुट्टी लावता येते. एक बटण असतं. झाड झोपून राहतं."

"मला वाटलं तुम्ही तिचं नाव काढाल. आधीच्या बाईंनी भिवाचं काढलं होतं, तो मेंढरांबरोबर गेला तेव्हा."

"नाही काढत. आत्ता लावतो सुट्टी. टाकीजवळ चढावर रेंज येते, चल, दोघं जाऊ."

ते उठले, आणि पटांगणात गाडीचा आवाज आला. केंद्रप्रमुख आले होते.

मी सगळं सांगितलं. अर्ज मागं घेतला असं म्हटलं, चूक माझी असं म्हटलं. ते सभ्य माणूस होते, शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, तुम्ही गुरुवारी पाठवला, शुक्रवारी त्याला आवक क्रमांक पडला. एकदा क्रमांक पडला की कागद माघारी फिरत नाही. टॅब तपासणीला न्यावे लागतील."

"साहेब, दोन मिनिटं," सर म्हणाले. "एक बटण दाबतो फक्त."

"आता हात लावू नका, घोलप. तुमच्याच भल्याचं सांगतो. उद्या कुणी म्हणेल, नोंदी बदलल्या."

तसं म्हणणारं माणूस गावात एकच होतं, आणि ते तिथंच बसलं होतं.

आठही टॅब खोक्यात गेले. खोक्याला कापड, कापडाला लाख. तनू सरांच्या हाताला धरून बघत होती. माझ्या नाही.

त्यानंतर घरी ती माझ्याशी भांडली नाही. सांगितलेलं काम करायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. अनूला खेळवायची. गुरुवारी दुपारी मी लसूण सोलत होते, ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि खांबाला टेकून उभी राहिली.

मीच म्हटलं, "राग आलाय ना माझा?"

"हो."

"किती?"

मी वाट बघत होते. तो आकडा आला असता तर मी तिला ओढून कुशीत घेणार होते, लसणाच्या हातांनीच.

तिनं बोटं मोजली. रविवार, सोमवार, मंगळवार, ओठ हलताना दिसत होते.

"पाच," ती म्हणाली. पाच दिवसांत झाडाची पानं गळतात, हे मला तेव्हा आठवलं.

टॅब जूनमध्ये परत आले. चौकशीत काही निघालं नाही. सरांच्या नावावर डाग राहिला नाही, पण सत्कारही झाला नाही, आणि त्यांनी मला त्यावरून कधी एका शब्दानं हटकलं नाही. उलट मंगळवारी पोरं टॅबवर बसली की वर्गात येऊन बसत जा म्हणाले. "तुमची नजर बारीक आहे वहिनी." ते टोमण्यानं म्हणाले की मनापासून, अजून कळलेलं नाही. मी जात राहिले.

पहिल्याच मंगळवारी बानू होती. उन्हानं रापलेली, उंच झालेली, पडक्या दाताच्या जागी नवा मोठा दात. तिनं मेंढी दाबली, भाकर दाबली, चंद्र दाबला. काळं खोड आलं. एकोणीसच्या एकोणीस पोरांची तशीच खोडं होती, पण तनूनं आपलं उघडलंच नव्हतं. ती बानूच्या पडद्याकडं बघत होती.

"मी पाणी घालत होते," ती म्हणाली. "फेब्रुवारीपर्यंत घातलं. मग टॅब नेले."

कुणामुळं नेले, ते तिनं सांगितलं नाही. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

बानूनं पडदा जवळ नेला, लांब नेला. धनगराची पोर ती, मेंढरांसाठी बापाला बाभळीच्या फांद्या सवळताना, छाटताना, लहानपणापासून बघितलेली.

"ह्ये व्हय," ती म्हणाली. "ह्याला काय झालंय. उन्हाळ्यात बाभळ अशीच दिसती. आमी तर सगळा पाला उतरवतो. बुंधा राखला की फुटतंय परत."

आणि पहिल्या पायरीपासून सुरू केलं. चार आणि तीन. मध्येच तिचं एक चुकलं, खरोखरचं चुकलं. तनूनं ओठ दाबून धरले आणि सांगितलं नाही. बानूनं डोकं खाजवून पुन्हा केलं. फांदीला एक पान आलं.

आता तनू पंधरा वर्षांची आहे. माझ्याशी चांगली वागते, सगळं सांगते, मीही विचारण्याआधी थांबायला शिकले आहे. फक्त काही विचारलं की मोजून उत्तर देते. दोन पोळ्या. पावणेदहाला. चार जणी. मी कधी मुद्दाम विचारायचे, आभाळात चांदण्या किती गं, तर ती हसून म्हणायची, "आई, असं सांगता येत नाही."

अनू तीन वर्षांची असतानाची गोष्ट. मी तिला वरणभात भरवत होते, ती तोंड फिरवत होती. तनू पलीकडं पालथी पडून वही लिहीत होती.

"किती घास खाणार माझी अनू?"

"सत्तावीस."

मी घास ताटात परत ठेवला.

"कुणी शिकवलं हे?"

"ताईनं," अनू म्हणाली. "ताई मला लोज म्हणते, तुला सत्तावीस."

तनूनं वहीतून डोकं वर काढलं नाही. पेन्सिल तेवढी थांबली होती. मी पुढचा घास कालवला, अनूच्या तोंडाशी नेला, आणि मोजायला सुरुवात केली.